डावा कोपरा

सर कंपनीच्या गेटवर पोचायच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. उस्मानपुऱ्यातून सायकलवर निघताना ते छाती भरून दम घ्यायचे आणि पॅडल मारत "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" सुरू करायचे. दम तुटला की खाली उतरायचे आणि शंभर पावलं सायकल हातात धरून चालायचे. बाद झालेल्या माणसानं आरामात बसून जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पुन्हा दम, पुन्हा सीट. असं चढत-उतरत ते रोज चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामावर यायचे. सायकलची घंटी त्यांनी काढून टाकली होती. "घंटी कामून लागती? मी काय मुका हाय?"

गेटवरचे वॉचमनचाचा त्या आवाजावरून आम्हाला अंदाज सांगायचे. "आज सर का दम अच्छा है मियाँ, पुलिया से एकीच साँस में आ रे. छुट्टी मांगनी है तो आजीच मांग लो."

हुद्द्यानं ते स्टोअरकीपर होते. आमची कंपनी पंपांचे सुटे भाग बनवायची. दिवसभर सर ड्रिल, हातमोजे, ग्रीसचे डबे द्यायचे, आणि पहिली पाळी सुटली की शेडमागच्या मैदानावर कंपनीचा कबड्डीचा संघ घडवायचे. मुरमावर काळी माती आणि वाळू टाकून ते मैदान त्यांनीच तयार केलं होतं. खडा सापडला तर शिपाई असो की मॅनेजर, त्याच्या हातात तो देऊन "बाहेर फेकून या" म्हणायचे. मॅनेजरही मुकाट्यानं जाऊन यायचा.

आम्हाला ते नावानं कधीच बोलवत नसत. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. मी पिशोर. माझ्या शेजारी उभा राहणारा वेरूळ. बाकीचे गंगापूर, फुलंब्री, पैठण. आडनावं लक्षात राहत नाहीत असं ते कारण सांगायचे. ज्या माणसाला स्टोअरमधल्या प्रत्येक ड्रिलचा नंबर तोंडपाठ होता, त्यानं हे सांगावं आणि आम्ही ऐकून घ्यावं, असा तो मामला होता.

दिवस तसे होते खरे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता. व्हावं म्हणणारे एकीकडे, होऊ नये म्हणणारे दुसरीकडे, आणि दोघंही एकाच कॅन्टीनमध्ये जेवणारे. खेड्यापाड्यांत घरं जळाली होती. नवा माणूस दिसला की आधी त्याचं आडनाव काढायचं, मग त्याच्या डब्याशेजारी डबा उघडायचा की नाही ते ठरवायचं, अशी रीत पडली होती. सरांची जात कोणती यावर तर मशीनशॉपमध्ये पैजा लागायच्या. एकदा एकानं धीर करून तोंडावरच विचारलं, "सर, तुमी कोन?"

"डावा कोपरा," सर म्हणाले आणि त्याच्या हातात ग्रीसचा डबा दिला.

तरुणपणी ते त्याच जागेवर खेळायचे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोपऱ्यातला गडी पायाला धरतो, आणि त्याच्या शेजारचा त्याचा हात धरून साखळी करतो. साखळी टिकली तर समोरचा संपला. मीही डावा कोपरा होतो, म्हणून सरांचा माझ्यावर जीव होता, असं मला वाटायचं. जीव म्हणजे काय, तर बाकीच्यांना एक शिवी मिळायची तिथं मला दोन.

खेळ बघायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. समोर चढाई चालू असली की सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघतं. सर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. तो कुठं उडी मारतो, कुणाला शिवतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते फक्त बचाव करणाऱ्यांचे हात बघायचे.

"पाय फसवतेत, डोळे फसवतेत," ते म्हणायचे. "हात नाय फसवत. कुनाचा हात कवा ढिला होतो ते बगायचं. गडी तिथंच मालूम होतो."

दुसरी एक रीत होती. सामन्याआधी सर खाली वाकायचे, तळहाताला माती माखायचे आणि प्रत्येकाच्या जर्सीवर पाठीत फाडकन हात मारायचे. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या जर्सीवर पाच बोटं उमटायची. फोटो काढायला आलेले साहेब चिडायचे. सर म्हणायचे, "माती लागल्याबिगर कुनी घरी जायचं नाय. खेळला तर लागतीच, पन नाय खेळवला कुनी तर? म्हनून आदीच लावून ठिवतो." आम्ही हसायचो. यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला पुढं कळलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचं घर पिशोरचं, मराठ्याचं, शेती बऱ्यापैकी. आयटीआय मी कसाबसा पास झालो. कंपनीत लागलो ते खेळाडू म्हणून. त्या वर्षी कंपनीनं तीन खेळाडू घेतले, त्यातला मी एक. पहिल्याच आठवड्यात लेथवर बोट कापून घेतलं. मास्तर म्हणाले, "याला मशीनपासून लांब ठेवा, मशीन खराब होईल." वर्षभर प्रोबेशन होतं. कामगारांच्या राज्य स्पर्धेसाठी कंपनीचा बारा जणांचा संघ नाशिकला जाणार होता. त्यात निवड झाली तर नोकरी पक्की, नाही तर परत पिशोर. लग्न ठरलं होतं. सासऱ्यांनी मुलगी दिली होती ती शेताला नव्हे, कंपनीला.

वेरूळ बौद्ध होता. त्याचे वडील लेण्यांवर रखवालदार होते. तो कामगार म्हणून रीतसर लागला होता, लेथवर त्याचा हात असा बसलेला की मास्तर मला शिकायला त्याच्याकडे पाठवायचे. मैदानावर सहा महिने आम्ही रोज एकमेकांचा हात धरून उभे होतो. मनगटाजवळून धरायची त्याची पद्धत होती, घामानं घसरू नये म्हणून. तो कमी बोलायचा. मी डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसायचो, आणि त्याबद्दल त्यानं कधी काही म्हटलं नाही. मीही कधी काही म्हटलं नाही.

निवडीच्या महिनाभर आधी पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजर साहेबांनी फळ्यावर एक परिपत्रक लावलं. कॅन्टीन कमिटी, नाटकाचा ग्रुप, कबड्डीचा संघ, कंपनीच्या नावानं जिथं जिथं माणसं निवडायची तिथं एक जागा मागासवर्गीयांसाठी राखीव, आणि यादीत त्या नावापुढं फुली करायची. दोन्ही बाजूंची तोंडं बंद व्हावीत म्हणून साहेबांनी काढलेला तो तोडगा होता. तोंडं बंद झाली नाहीत, उलट मोकळी सुटली. आमच्याकडचे म्हणाले, आता चढाई पण जात बघून करा. वेरूळच्या बाजूचे म्हणाले, फुली कशाला मारता, आम्ही काय चुकलेलं गणित आहोत?

सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मला हात बगू द्या."

निवड चाचणीच्या दिवशी माझे चुलते आले आणि मैदानावर सगळ्यांना आपली ओळख देत फिरले. पिशोरच्या बाजारातले चारपाच जण बरोबर होते. सकाळी माझ्या खोलीवर चहा पिताना चुलते म्हणाले होते, "तिकडं येवढं रान पेटलंय अन तू त्याच्या हातात हात घालून नाचतू व्हय रे? सासरचे बी बगतेत म्हनावं." मी हसून उडवून लावलं. तसं म्हणजे वाटलं की उडवून लावलं.

चाचणी रंगात आली. सर नेहमीप्रमाणे दोरीशी, नजर फक्त आमच्या हातांवर. समोरून गंगापूर चढाईला आला, संघातला सगळ्यात दांडगा गडी. तो खोल शिरला, माझ्या अंगावर. साखळीनं पुढं झेपावायचं होतं. वेरूळचा हात माझ्या मनगटावर होता आणि माझा त्याच्या. त्या क्षणी दोरीपलीकडं उभे असलेले चुलते मला दिसले. ते गंगापूरकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते.

मी हात सोडला.

घामानं सुटला नाही, झटक्यानं सुटला नाही. मी बोटं उघडली. गंगापूर माझ्यावरून निघून मध्यरेषेकडे धावला. वेरूळनं एकट्यानं सूर मारून त्याचा घोटा धरला. गंगापूरनं त्याला हात-दोन हात फरफटत नेलं, कोपर सोलून निघालं, पण रेषेच्या अलीकडं त्यानं त्याला थांबवला. टाळ्या पडल्या. मी माती झटकत उभा राहिलो. सर माझ्याकडे बघत होते. नेहमीच्या दोन शिव्यांपैकी एकही आली नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. नावं नेहमीसारखी वर्णमालेच्या क्रमानं होती. वेरूळच्या नावापुढं फुली होती. माझं नाव नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपमध्ये झालं, कोट्यानं पिशोरची जागा खाल्ली. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. लोकांनीच मला सांगितलं, खांद्यावर हात ठेवून, आणि मी मान हलवली. चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत मलाही ते पटलं. संध्याकाळी त्याच तिरीमिरीत मी स्टोअरमध्ये गेलो.

"सर, ह्यो अन्याय हाय. कोट्यापायी माझी जागा गेली."

सर ड्रिल पुसत होते. "तू कोनत्या कोट्यातून लागला रे?"

"मी खेळाडू म्हनून लागलो."

"म्हंजी तुज्यापेक्षा लेथवर चांगला असलेला एक गडी घरी बसला का नाय?"

सरांनी कपाटाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत घडी घातलेली एक जर्सी होती, राज्याच्या संघाची. जुनी, कडेला पिवळी पडलेली, पण मातीचा एक ठिपका नाही.

"त्या वक्ताला राज्याच्या संघात मराठवाड्याचा एक गडी घ्यायचा, असा रिवाज होता. नाय तर इकडले लोक बोंब मारायचे. मला घेतलं. डावा कोपरा. आठ सामने झाले, एकात बी उतरवला नाय. कोच पुन्याचा. म्हनला, ह्यो मराठवाड्याचा कोटा हाय, ह्याला बसवा. कसा खेळतो ते कुनी बगितलंच नाय. आठ दिस इस्त्रीच्या कपड्यात बसून आलो. आईनं इचारलं, जर्सी धुवायची का. म्हनलं, धुवायला काय झालंय तिला?"

त्यांनी जर्सी परत ठेवली. सरांच्या आवाजात रडबिड काही नव्हतं. ग्रीस संपलंय, उद्या या, असं सांगावं तसं सांगितलं. मला त्यांची कीव आली आणि पाठीवरच्या मातीच्या हाताचा अर्थही लागला. पण मी माझ्या हाताबद्दल बोललो नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. "जा, तुजं बगतो मी," एवढंच म्हणाले.

त्यांनी बघितलं. खेळाडू म्हणून घेतलेला माणूस संघात का नाही, असा खुलासा मॅनेजर साहेबांनी मागवला होता. सरांनी लिहून दिलं: खेळात कमी नाही, राखीव जागेमुळे वगळावा लागला. साहेबांनाच अपराधी वाटलं. माझं प्रोबेशन संपलं, नोकरी पक्की झाली, लग्न झालं.

संघ नाशिकहून दुसरा नंबर घेऊन आला. वेरूळ सगळे सामने खेळला. परत आला तेव्हा त्याच्या जर्सीवर मूळ रंग शोधावा लागत होता. तरीही कॅन्टीनमध्ये त्याचं नाव पडलं ते पडलं: कोट्यातला. पुढं तो चार्जहँड झाला, मग फोरमन झाला, तेव्हाही लोक पाठीमागं म्हणायचे, त्याचं काय, तो कबड्डीतसुद्धा कोट्यातूनच गेला होता. आपल्या पिशोरची जागा खाऊन. मी तिथं असायचो. कधी चहा ढवळत बसायचो. घरी पाहुण्यांना, पुढं मुलांना, मी हीच गोष्ट सांगितली, आणि चाळीस वर्षांत ती इतक्या वेळा सांगितली की तिला चांगली लकाकी आली. मधल्या काळात विद्यापीठाचं नाव बदललं, पुढं शहराचंही नाव बदलायची वेळ आली, कंपनी दोनदा विकली गेली. माझी गोष्ट तेवढी जशीच्या तशी राहिली.

सर निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मी दिवाळीला जायचो. शेवटच्या दिवाळीला गेलो तेव्हा पायांनी अधू झाले होते. खिडकीतून रस्त्यावरची गर्दी बघत होते.

"आता कुनी कुनाचा हात धरून रस्ता बी वलांडत नाय," म्हणाले. मग पेटी उघडायला लावली. जर्सीखाली एक कागद होता. चाचणीच्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी केलेली यादी, कोण किती चांगला खेळला त्या क्रमानं. पहिला गंगापूर. दुसरा वेरूळ, पुढं शेरा: एकटा धरतो. फुलीबिली काही नाही. बाराव्या नावाखाली रेघ. रेघेखाली दोन नावं सोडून मी. माझ्यापुढचा शेरा: हात सोडतो.

मी तो शेरा पुन्हा एकदा वाचला.

"मी तुजी नोकरी वाचवली," सर म्हणाले. "पोरगी देऊन बसले होते सोयरे, काय करनार? पन बिल मी त्याच्या नावावर फाडलं. त्या पुन्याच्या कोचनं माझ्यासंगं जे केलं, तेच मी त्याच्यासंगं केलं. त्यानं तर बिचाऱ्यानं माती लावून आनली होती."

"सर, तुमी त्याला सांगितलं का नाय?"

"हिंमत नाय झाली. तू सांग."

मी कागद खिशात घातला आणि सांगितलं नाही. थंडी सरायच्या आत सर गेले.

शोकसभा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये झाली. मी निवृत्त, वेरूळही निवृत्त. तो वेरूळहून बसनं आला होता. युनियनचा तरुण पदाधिकारी सूत्रसंचालन करत होता. त्याला आमच्या वेळचं काय ठाऊक असणार, ऐकलं होतं ते त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. "सर काळाच्या पुढं होते. नामांतराच्या त्या तणावात त्यांनी कोट्यातून खेळाडू घेण्याचं धाडस दाखवलं. ते कोट्यातले पहिले खेळाडू आज आपल्यात आहेत." वेरूळला त्यानं उभं केलं. टाळ्या वाजल्या. वेरूळ उभा राहिला, नमस्कार केला आणि बसला. चाळीस वर्षं तो असाच उभा राहून बसत आला होता, हे मला तेव्हा दिसलं, आणि मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

पुढचं नाव माझं होतं. सरांच्या सायकलचा किस्सा सांगायचं मी घरून ठरवून आलो होतो. उठल्यावर कागद काढला आणि वाचला. पहिल्यापासून बारापर्यंत, शेऱ्यांसकट. दुसरा वेरूळ, एकटा धरतो. मग रेघ. मग रेघेखालचं. माझं नाव आल्यावर चष्मा पुसायचं निमित्त केलं, पण वाचलं. "यांना कोट्यातून घेतलेलं नाही," मी म्हणालो. "कोट्यानं माझी जागा गेली नाही. माझ्या हातानं गेली. मी चाळीस वर्षं खोटं बोललो." कागदाची घडी केली आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी पंखा वाढवला.

चहाच्या वेळी वेरूळ शेडमागं उभा होता. आमचं मैदान आता दुचाक्यांचं पार्किंग झालं आहे, वर सिमेंट. मी जवळ गेलो.

"मला वाटायचं तुला म्हाईत नसंल," मी म्हणालो.

"हात सुटला का सोडला, हे ज्याच्या हातात असतो त्याला कळत नाय व्हय?" तो म्हणाला. "मला तर तवाच कळलं. बोटं उगडली तू."

"मग बोलला कामून नाय?"

"कुनापाशी? म्हनले असते, कोट्यातला बोलतोय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असं मी लिहिणार नाही. होता. मी हात पुढं केला. त्यानं तो लगेच घेतला नाही. आधी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, दुचाक्यांच्या रांगेपलीकडं फाटकापर्यंत नजर टाकली.

"चुलते आलेत का रे?"

"वारले. लई वर्सं झाली."

"बरं मग," म्हणाला, आणि त्यानं हात धरला. जुन्या पद्धतीनं, मनगटाजवळून. मीही धरला. वेरूळची शेवटची बस सहाची होती. पावणेसहा झाले तेव्हा त्यालाच माझी बोटं एकेक करून सोडवून घ्यावी लागली.